अभियंत्याचा अर्ज
(प्रस्तावना)

नोकरीची दोन-तीन वर्षं झाली की इंजिनिअर मुलामुलींच्या बोलण्यात एक प्रश्न हटकून येतो : एमबीए करावं म्हणतोय, पण माझ्या प्रोफाइलमध्ये तसं काहीच नाही, काय करू? हिंजवडीत कोड लिहिणारी मुलगी हे विचारते, चाकणच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळणारा मुलगा विचारतो, मेट्रोच्या साइटवर दिवसभर उभा असणारा सिव्हिल इंजिनिअरही विचारतो. अशा मुलांचे अर्ज मी बरीच वर्षं वाचत आलो आहे. त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत ‘काहीच नाही’ हे खरं नसतं. त्यांनी केलेलं पुष्कळ असतं. मात्र त्यात आपण कुठे आणि काय ठरवलं, या नजरेनं त्यांनी स्वतःच्या कामाकडे कधी पाहिलेलं नसतं. उरलेल्या थोड्यांच्या बाबतीत ते खरं असतं. तीन वर्षं त्यांनी सांगितलेलं काम केलेलं असतं आणि कशाचीही जबाबदारी अंगावर घेतलेली नसते. त्यावरचा उपाय ऑनलाइन प्रमाणपत्रांत मिळत नाही, तो हातातल्या नोकरीतच शोधावा लागतो. हे पुस्तक या दोन्ही प्रकारच्या वाचकांसाठी आहे.

इंजिनिअरनं व्यवस्थापनाकडे वळणं म्हणजे चार वर्षांचं शिक्षण वाया घालवणं, असं अजूनही अनेक घरांत म्हटलं जातं. इतिहास याच्या अगदी उलट आहे. व्यवस्थापन हा विषय मुळात इंजिनिअरांनीच उभा केला. १८८६ साली हेन्री टाउन या कुलुपं बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखानं अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे एक निबंध वाचला. कारखाना चालवणं, खर्चाचा हिशेब ठेवणं, मजुरी ठरवणं ही कामं इंजिनिअरिंगइतकीच महत्त्वाची आहेत, पण त्यांच्यावर ना ग्रंथ आहेत ना चर्चेला जागा, अशी त्याची तक्रार होती. पुढे फ्रेडरिक टेलर या इंजिनिअरनं तोच धागा धरला आणि १९११ मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वं पुस्तकरूपानं मांडली. फ्रान्समध्ये आंरी फेयोल या खाण अभियंत्यानं १९१६ मध्ये व्यवस्थापनाच्या कार्यांची मांडणी केली. नियोजन, संघटन, समन्वय, नियंत्रण ही आज पाठ्यपुस्तकांत येणारी यादी त्याच्यापासून निघाली. एमआयटीनं १९१४ मध्ये ‘इंजिनिअरिंग ॲडमिनिस्ट्रेशन’चा अभ्यासक्रम सुरू केला. आज तिथल्या व्यवस्थापन शाळेला ज्याचं नाव आहे तो जनरल मोटर्सचा आल्फ्रेड स्लोन एमआयटीचाच इलेक्ट्रिकल इंजिनिअर होता.

टेलरच्या गोष्टीचा दुसरा भागही नीट पाहावा लागतो, कारण तो आजच्या अर्जदारापर्यंत येऊन पोचतो. टेलरनं घड्याळ लावून कामगाराची प्रत्येक हालचाल मोजली. १९११ साली वॉटरटाउन इथल्या सरकारी शस्त्रागारात या मोजणीविरुद्ध ओतशाळेतल्या कामगारांनी संप केला, आणि पुढच्या वर्षी टेलरला अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यावी लागली. त्याची मोजमापं बारकाईची होती, पण ज्याचं काम मोजलं जात होतं त्या माणसाचं म्हणणं ऐकण्याची सोय त्याच्या पद्धतीत फारशी नव्हती. बिझनेस स्कूलमध्ये इंजिनिअरचा अर्ज उघडणाऱ्या माणसाच्या मनात आजही हीच शंका असते. याला गणित येतं, हा मेहनती आहे, हे त्यानं गृहीतच धरलेलं असतं. याचं माणसांशी कसं जमतं, मतभेद झाले की हा काय करतो, हे त्याला शोधायचं असतं. इंजिनिअरचे अर्ज मात्र बहुधा पहिल्याच गोष्टीचे पुरावे देत राहतात.

आपल्याकडेही इंजिनिअरिंग आणि व्यवसाय हे दोन वेगळे प्रांत नव्हते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. लोखंडी नांगरानं जमीन नासते असा समज असलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी लोखंडी नांगर घ्यायला लावला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन आले. नांगराचा फाळ कसा ओतायचा हा जितका इंजिनिअरिंगचा प्रश्न होता, तितकाच तो घ्यायला शेतकरी राजी कसा होईल हाही लक्ष्मणरावांचाच प्रश्न होता.

बिझनेस स्कूल नावाची संस्था घडली ती मात्र थोड्या वेगळ्या वाटेनं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८८१ मध्ये व्हॉर्टन स्कूल निघालं, १९०० मध्ये डार्टमथला टक स्कूल आणि १९०८ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूल, जिथे एमबीए ही पदवी जन्मली. हार्वर्डनं पुढे केस पद्धत रुजवली. एखाद्या खऱ्या कंपनीपुढे आलेला पेच वर्गात ठेवायचा, आणि उत्तर प्राध्यापकानं न सांगता विद्यार्थ्यांनी एकमेकांशी वाद घालून शोधायचं. या पद्धतीत शिकवण्याचा निम्मा भार शेजारी बसलेल्या विद्यार्थ्यावर असतो. सगळे एकाच अनुभवाचे असतील तर तास कोरडा जातो. म्हणून प्रवेश देणारा विचारतो, हा माणूस वर्गात काय घेऊन येईल? प्रोफाइल पाहण्याची बरीचशी पद्धत या शिकवण्याच्या गरजेतून आली आहे. एवढी एक गोष्ट कळली तर निबंध का मागतात, मुलाखत का घेतात, कॉलेजबाहेर काय केलं हे का विचारतात, या गोष्टी कोड्यासारख्या वाटत नाहीत.

१९५९ मध्ये फोर्ड आणि कार्नेगी या प्रतिष्ठानांच्या दोन अहवालांनी अमेरिकेतल्या व्यवसाय शिक्षणावर कडक टीका केली : दर्जा सामान्य, संशोधन तोकडं, गणित कच्चं. त्यानंतर संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, ऑपरेशन्स रिसर्च यांना अभ्यासक्रमात मोठी जागा मिळाली आणि इंजिनिअर तिथे हक्कानं बसू लागला. आज जी जीमॅट म्हणून ओळखली जाते ती परीक्षा १९५४ मध्येच सुरू झाली होती. पुढे केलॉग या अमेरिकी संस्थेनं गटात मिळून काम करण्याला महत्त्व दिलं आणि प्रत्येक अर्जदाराची मुलाखत घेण्याचा आग्रह धरला. फ्रान्समध्ये १९५७ मध्ये निघालेल्या इनसिआडनं अभ्यासक्रम सुमारे वर्षभराचा ठेवला आणि अनेक देशांचे लोक एका वर्गात बसवण्यावर भर दिला.

भारतात जमशेदपूरची एक्सएलआरआय १९४९ची, कोलकात्याची आयआयएसडब्ल्यूबीएम १९५३ची. १९६१ मध्ये कोलकाता आणि अहमदाबाद इथे पहिल्या दोन आयआयएम निघाल्या. कोलकात्यानं एमआयटीचा हात धरला आणि अहमदाबादनं हार्वर्डचा, त्यामुळे एकीवर आकडेमोडीची छाप पडली आणि दुसरीवर केसची. मुंबईत १९६३ मध्ये पवईला औद्योगिक अभियांत्रिकीसाठी नायटी ही संस्था उभी राहिली, तीच २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. जमनालाल बजाज संस्था १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्यानं सुरू झाली. बंगळूर, लखनौ, इंदूर, कोझिकोड असा विस्तार होत २०१५ मध्ये नागपूरलाही आयआयएम आली. २००१ मध्ये हैदराबादच्या आयएसबीनं अनुभवी लोकांसाठी एक वर्षाचा मार्ग खुला केला.

या विस्ताराच्या जोडीनं महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट घडत होती. १८५४ पासून चालत आलेलं पुण्याचं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय, १८८७चं व्हीजेटीआय, १९४७चं सांगलीचं वालचंद अशी मोजकीच मोठी नावं होती तिथे १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारनं विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तालुक्या-तालुक्याला इंजिनिअर तयार होऊ लागले. नव्वदच्या दशकात माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांनी त्यांना शाखा न विचारता नोकऱ्या दिल्या. दोनेक वर्षांनी त्यांतले अनेक कॅट या आयआयएमच्या प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाला लागले. कॅटचं गणित आणि कोडी त्यांच्या सवयीची होती. एक काळ असा होता की मोठ्या आयआयएमच्या वर्गात दहातले आठ-नऊ विद्यार्थी इंजिनिअर असत.

ज्या वर्गाला वेगवेगळी माणसं हवीत तो एकाच साच्याच्या माणसांनी भरला, तेव्हा संस्थांनी नियम बदलायला सुरुवात केली. काहींनी इंजिनिअरिंगखेरीज इतर शाखांच्या पदवीधरांना आणि मुलींना जादा गुण ठेवले. कोझिकोडच्या २०१३च्या तुकडीत निम्म्याहून अधिक मुली होत्या. अहमदाबाद पदवीच्या शाखांचे गट पाडून निवड करू लागलं. तयारी करणाऱ्या मुलांच्या बोलीत ‘जेम’ हा शब्द आला तो याच काळात : जनरल, इंजिनिअर, मेल. आपल्यावर अन्याय होतो अशी भावना त्यामागे आहे आणि ती मला समजते; नव्व्याण्णव पर्सेंटाइल मिळवूनही बोलावणं न येणं क्लेशाचंच आहे. पण वर्ग कसा असावा हे ठरवण्याचा संस्थेचा अधिकारही मला मान्य आहे. आणि ज्या मुलीला दहावीनंतर गणित सोडायला लावलं गेलं, तिची वाट या परीक्षेनं किती काळ अडवली याचाही हिशेब त्या तक्रारीच्या शेजारी मांडला पाहिजे.

आज प्रोफाइलविषयी जे बोललं-लिहिलं जातं त्यात ढोबळमानानं चार विचार दिसतात. पहिला गुणांचा. दहावी, बारावी, पदवी आणि प्रवेश परीक्षा यांची बेरीज म्हणजे उमेदवार. आपल्या बहुतेक सार्वजनिक संस्था कमी-अधिक प्रमाणात याच विचाराच्या आहेत. सीईटीवर चालणारा महाराष्ट्राचा केंद्रीय प्रवेश तर जवळजवळ पूर्णपणे. या पद्धतीत वशिला चालत नाही आणि गरीब घरातल्या मुलाला आपण कुठे उभे आहोत ते स्पष्ट कळतं. हा गुण लहान नाही. तिचा दोष हा की पंधराव्या वर्षी आलेला ताप किंवा घरातलं आजारपण पंचविसाव्या वर्षीही माणसाच्या मागे येतं. दहावीचे गुण बदलता येत नाहीत, त्यामुळे ज्याचे ते कमी आहेत त्यानं त्यांना फारसं वजन न देणाऱ्या संस्था शोधाव्यात. अशा संस्था आहेत. मुंबईची एसपीजेआयएमआर अर्जातल्या एकूण चित्राला बऱ्याच वर्षांपासून वजन देत आली आहे, आणि प्रवेशानंतरही ती विद्यार्थ्यांना गावांत सामाजिक संस्थांसोबत कामाला पाठवते.

दुसरा विचार संपूर्ण माणूस पाहण्याचा, अमेरिकी संस्थांचा. तुमच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं काय आणि का, हा स्टॅनफर्डचा निबंधाचा प्रश्न गाजलेला आहे. व्हॉर्टन २०१२ पासून अर्जदारांना एकत्र बसवून चर्चा करायला लावतं आणि कोण किती बोलतो यापेक्षा कोण दुसऱ्याचं ऐकतो हे पाहतं. हार्वर्डला मुलाखत घेणाऱ्यानं तुमचा पूर्ण अर्ज आधी वाचलेला असतो. या पद्धतीत न्याय नेहमी होतोच असं नाही. इंग्रजी संभाषणात वाढलेल्या, घरात परदेशी शिकलेलं कोणी असलेल्या मुलाला ती सोपी जाते. लातूरहून आलेल्या पहिल्या पिढीच्या इंजिनिअरला ती अनोळखी वाटते. ते अंतर थोडं कमी व्हावं हे या पुस्तकामागचं एक मोठं कारण आहे.

तिसरा विचार अनुभवाचा. त्याचा सर्वांत खणखणीत आवाज हेन्री मिन्ट्झबर्ग यांचा. ते स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर. ज्यानं कधी माणसं सांभाळली नाहीत त्याला वर्गात बसवून व्यवस्थापक बनवता येत नाही, असं त्यांनी २००४च्या आपल्या पुस्तकात ठासून मांडलं. आयएसबी, इनसिआड, अहमदाबादचा २००६ मध्ये सुरू झालेला एक वर्षाचा अभ्यासक्रम हे सगळे थोड्याफार फरकानं या बाजूचे. नोकरी न सोडता करायचे अभ्यासक्रमही इथेच येतात. सत्या नडेला यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये असतानाच शिकागोहून एमबीए पूर्ण केलं. मी स्वतः या विचाराच्या जवळ आहे. पदवी हातात पडताच एमबीएला जाणाऱ्या इंजिनिअरला जे शिकवलं जातं ते टांगायला त्याच्याकडे खुंटीच नसते.

चौथा विचार सजावटीचा, आणि त्याचा बाजार आज सर्वांत मोठा आहे. सल्लागार पैसे घेतो आणि सांगतो : एखाद्या संस्थेत शनिवारी जा, मॅरेथॉन धावा, एक स्टार्टअप काढल्यासारखं दाखवा. यातून जे अर्ज तयार होतात ते एकमेकांसारखेच दिसतात. वाचणाऱ्यानं त्या आठवड्यात तसे कितीतरी पाहिलेले असतात. याहून वाईट म्हणजे, जे आपण नाही ते असल्याचं दाखवून मुलगा मुलाखतीला बसतो आणि तिसऱ्या प्रश्नाला अडखळतो. चांगले, प्रामाणिक सल्लागार आहेत, ते अर्जदाराला प्रश्न विचारतात आणि लिहायला मात्र त्यालाच लावतात. पण कोणी तुमच्या वतीनं निबंध लिहून देत असेल तर त्याच्याकडून उठून या.

मग करायचं काय? समजा, चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये तुम्ही इंजिनिअर आहात. डाय बदलायला फार वेळ लागतो, म्हणून रोजचं उत्पादन मागे पडतं. तुमच्या अर्जात बहुधा एक ओळ येईल : प्रेस शॉपच्या उत्पादकता सुधारणेसाठी जबाबदार. त्या ओळीतून वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. आता तीच गोष्ट पुन्हा पाहा. तुम्ही दोन आठवडे रात्रपाळीला ऑपरेटरांसोबत उभे राहिलात. वेळ डाय बसवण्यात जात नव्हता, क्रेन दुसऱ्या लाइनवर अडकलेली असायची म्हणून जात होता. क्रेनचं वेळापत्रक बदलायचं तर मेंटेनन्सच्या प्रमुखांचं ऐकावं लागणार होतं, आणि ते तुमच्याहून वीस वर्षांनी मोठे. तुम्ही बैठकीत सगळ्यांसमोर आकडे न मांडता आधी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसलात. त्यांनी एक अडचण दाखवली जी तुमच्या लक्षातच आली नव्हती. मूळ योजना तुम्ही अर्धी सोडून दिलीत. वेळ किती वाचला हा आकडा हवाच; पण वाचणारा थांबतो तो टेबलाशी जाऊन बसण्यापाशी आणि अर्धी योजना सोडण्यापाशी. टेलरविषयीच्या त्या जुन्या शंकेला तिथे उत्तर मिळतं.

सॉफ्टवेअरमधल्या मुलांना हे अवघड वाटतं. क्लायंट परदेशात, काम तुकड्यांत वाटलेलं, आणि सगळं ‘टीमनं केलं’. तरीही रिलीजच्या आदल्या दिवशी बग सापडला तेव्हा तो कोणी सांगितला? मॅनेजरला न आवडणारी तारीख कोणी सुचवली? नव्यानं आलेल्या मुलीला कामात कोणी रुळवलं? असे निर्णय पदावर अवलंबून नसतात. ज्यांना अर्जाला अजून दोन वर्षं आहेत त्यांना मी एवढंच सांगतो की ज्यात कोणालाच हात घालायचा नसतो असं एक काम मागून घ्या आणि ते शेवटापर्यंत न्या. अप्रेझलमध्ये त्याचं मोल होईलच असं नाही. पण निबंधात, मुलाखतीत आणि पुढच्या आयुष्यातही त्याचं मोल राहतं.

इथे आपल्या संस्काराचा एक भाग आड येतो. स्वतःविषयी बोलू नये, कामानं बोलावं, असं आपल्याला घरात शिकवलं जातं. तो संस्कार चांगला आहे आणि तो सोडायला मी कोणाला सांगणार नाही. पण ‘आम्ही केलं’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला तुमचा वाटा कळत नाही. बढाई न मारता तो सांगता येतो : काय घडलं, मी काय ठरवलं, कोणाचं ऐकलं, काय चुकलं, हे क्रमानं लिहिलं की पुरतं. विशेषणं एकही लागत नाहीत.

शिफारसपत्रांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण सर्वांत जास्त चांगले अर्ज मी तिथे दुबळे होताना पाहिले आहेत. परदेशी संस्था साधारण दोन पत्रं मागतात आणि ती लिहिणाऱ्यानं स्वतः लिहावीत अशी अट घालतात. आपल्याकडे साहेब म्हणतात, तू लिहून आण, मी सही करतो. त्यात त्यांचा हेतू वाईट नसतो. वेळ नसतो आणि इंग्रजीत लांब लिहायची सवय नसते. पण एकाच हातानं लिहिलेला निबंध आणि पत्र ओळखू येतं, आणि ते अप्रामाणिकही आहे. साहेबांना दोन महिने आधी भेटा. तुम्ही एकत्र केलेल्या तीन-चार कामांची आठवण करून द्या, तुम्ही कुठे कमी पडलात तेही लिहा म्हणावं. मोठ्या हुद्द्याच्या, तुम्हाला नावानंच ओळखणाऱ्या संचालकापेक्षा रोज तुमचं काम पाहणारा सेक्शन हेड कधीही बरा.

कामाबाहेरच्या आयुष्याचंही तसंच. ज्याच्या गणेश मंडळाची वर्गणी, परवानग्या, पोलिसांशी बैठका, विसर्जनाच्या रात्रीची गर्दी हे सगळं तो चार वर्षं सांभाळतो आहे, तो मुलगा अर्जात त्याचा उल्लेखही करत नाही, आणि एका रविवारी केलेलं वृक्षारोपण मात्र लिहितो. पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिका बसवणारी, ढोल-ताशा पथकाच्या सरावाला तीनशे जणांना वेळेवर आणणारी, सह्याद्रीत हरवलेल्यांच्या शोधाला धावणाऱ्या गिर्यारोहकांतली, गावाकडची शेती शनिवार-रविवारी पाहणारी मुलं हे ‘इंटरनॅशनल’ नाही म्हणून गाळतात. ही चूक आहे. परदेशातल्या वर्गात हे दुसऱ्या कोणाकडे नसतं. फक्त परक्या वाचकाला कळेल इतकं ते उलगडून सांगावं लागतं.

हे पुस्तक आत्ता का? गेल्या काही वर्षांत जमीन बरीच हलली आहे. जीमॅटचं नवं रूप नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं. भूमिती आणि वाक्यदुरुस्ती गेली, निबंध गेला, माहितीचा अर्थ लावण्याचा स्वतंत्र भाग आला, आणि गुणांची पट्टी २०५ ते ८०५ झाली. जुन्या पट्टीवरचे सल्ले आता उपयोगाचे नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे गुळगुळीत इंग्रजी कोणालाही मिळू लागलं, म्हणून संस्थांचं लक्ष व्हिडिओ उत्तरांकडे, मुलाखतींकडे आणि पडताळून पाहता येण्याजोग्या तपशिलाकडे वळत आहे. लिहिण्याचा सफाईदारपणा हीच ज्यांची भिंत होती त्या मराठी माध्यमातल्या मुलांसाठी ही संधी आहे, त्यांच्याकडे सांगण्यासारखं खरं काही असेल तर.

पैशाचं गणितही बदललं आहे. मोठ्या आयआयएमची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या पुढे गेली. अमेरिकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं, त्यामुळे कर्ज काढून तिथे जायचं आणि नोकरी करून फेडायचं हा हिशेब नव्यानं मांडावा लागतो. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून परदेशी शिकणाऱ्यांना कर्ज-शिष्यवृत्ती देत आली आहे. अनुसूचित जातींतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. अशा वाटांची माहिती पुण्या-मुंबईच्या बाहेर फारशी पोचत नाही. प्रवेश मिळाल्यावर पैशांचा विचार करू असं म्हणणाऱ्यांना माझा स्पष्ट सल्ला आहे की तो आधी करा, आई-वडिलांसोबत बसून, कागदावर.

या पुस्तकात यशस्वी निबंधांचे नमुने दिलेले नाहीत. ते मुद्दाम टाळले आहेत. नमुना समोर आला की मुलं आपलं आयुष्य त्यात बसवायला लागतात. कोणत्या संस्थेचा कितवा क्रमांक, हेही इथे सापडणार नाही. इथे आहे ती कामाकडे पाहण्याची पद्धत, वेगवेगळ्या शाखांच्या आणि नोकऱ्यांच्या इंजिनिअरांना लागू पडेल अशी. संस्था निवडताना स्वतःला विचारायचे प्रश्न. आणि ज्यांना अर्ज करायला अजून वेळ आहे त्यांनी तो वेळ कसा वापरावा याची चर्चा. काही प्रकरणं नकार आलेल्यांसाठी आहेत. नकारानंतर दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करणं प्रतिष्ठेला कमीपणा आणणारं नाही. बऱ्याच संस्था अशा अर्जदाराकडे, वर्षभरात काय बदललं एवढंच विचारत, खुल्या मनानं पाहतात. वाचून झाल्यावर एखाद्याला एमबीए नकोच, आपल्याला डिझाइनमध्येच खोल जायचं आहे असं वाटलं, तर हे पुस्तक त्याच्याही कामी आलं असं मी मानेन.

कॅट नोव्हेंबरच्या शेवटी असते, परदेशी संस्थांची पहिली फेरी सप्टेंबरच्या सुमारास आणि दुसरी जानेवारीत. या तारखा पाहून घाईनं शेवटच्या प्रकरणांकडे जाऊ नका. आधी एक वही घ्या आणि नोकरीत ज्या ज्या वेळी तुम्हाला काही ठरवावं लागलं ते सगळे प्रसंग मराठीत लिहून काढा, लहानसहान वाटले तरी. त्या त्या प्रसंगात समोर कोण होतं, तेही नावासकट लिहा. मग पहिलं प्रकरण उघडा.